म्हशाच्या बाजारातलं नुसकान

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. देवाइतकाच तिथला गुरांचा बाजार नावाजलेला. गुरांच्या बाजाराची जुनी रीत अशी की गिऱ्हाइकाने बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, मग हेड्याचा हात रुमालाखाली धरून बोटांवर भाव ठरवायचा. आकडा तोंडातून निघतच नाही, तेव्हा जीभ घसरायची भीती नाही. सौदा अंगलट आला की मात्र गावाकडचा माणूस म्हणतो, ‘लय नुसकान झालं!’

शहरी पाहुणा इथे हसतो.

शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला: नुकसान. ‘क’ आणि ‘स’ यांनी जागा बदलल्या, एवढंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. ‘हिंस्’ धातूची अक्षरं उलटून ‘सिंह’ झाला, असं पतंजलीच्या महाभाष्यातच आहे.

इंग्रजीने मात्र जिभेच्या गमतींना थेट माणसांची नावं दिली. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे 1903 ते 1924 या काळातले प्रमुख विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर शेजारच्या शब्दांची आद्याक्षरं बदलून टाकत, म्हणून ‘स्पूनरिझम’. आपल्याकडे ‘गरम चहा’ मागताना ‘चरम गहा’ निघावा, तसं. त्यांच्या नावावरचे बहुतेक किस्से इतरांनीच रचलेले. बिचारे नाहक अजरामर झाले. ‘मालाप्रॉपिझम’ची बाई तर काल्पनिकच. शेरिडनच्या 1775 सालच्या ‘द रायव्हल्स’ या नाटकातल्या मिसेस मालाप्रॉपला जड शब्दांची भारी हौस, पण शब्द हमखास भलताच. आपल्या सूत्रसंचालकाने पुतळ्याचं ‘अनावरण’ सोडून ‘अपहरण’ मान्यवरांच्या हस्ते करावं, त्यातली गत.

मराठीने कुणा एकाला असं वेठीला धरलं नाही. जीभ घसरते, बोबडी वळते, ततपप होतं. पोरांनी तर ही उलटापालट मुद्दाम करून ‘च’ची भाषा काढली: ‘मला’चं ‘चलाम’, ‘घर’चं ‘चरघ’.

पण घसरलेली जीभ पुढच्या वाक्यात सावरते. ‘नुसकान’ म्हणणारा काही सावरत नाही, कारण त्याच्या घरी तोच शब्द आहे. आगरी-कोळी बोलीतलं ‘पानी’ किंवा ‘काला’ यांनाही चूक म्हणता येत नाही. तिथे ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ नेमाने होतो.

12व्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात अशा अदलाबदलीची सूत्रंच दिली आहेत. एक वाराणसीचं, जिचं ‘वाणारसी’ आणि पुढे बनारस झालं. दुसरं महाराष्ट्राचं: ‘ह’ आणि ‘र’ यांची अदलाबदल होऊन ‘मरहट्ठ’. मराठा आणि मराठी हे शब्द त्याच वाटेने आले आहेत.