शरणागतीच्या सोहळ्याचं कुळ

समोर मंत्री, मागे फलक, टेबलावर मांडलेल्या रायफली आणि रांगेत उभे राहिलेले काल-परवापर्यंतचे नक्षलवादी. गडचिरोलीच्या लोकांना हे दृश्य आता पाठ झालं आहे. सरकारी भाषेत याला आत्मसमर्पण योजना म्हणतात आणि महाराष्ट्रात ती 2005 पासून आहे. या सोहळ्याचे पूर्वज शोधायला निघालं, तर वाट गृहखात्याच्या फायलींपाशी थांबत नाही. ती पोहोचते नैनीच्या तुरुंगात, फाशीच्या एका कैद्यापाशी.

त्याचं नाव तहसीलदारसिंह, चंबळचा दरोडेखोर मानसिंह याचा मुलगा. बाप 1955 मध्ये पोलिसांकडून मारला गेला आणि मुलाला फाशी सुनावली गेली. त्याने तुरुंगातून विनोबा भावे यांना पत्र लिहिलं, चंबळच्या बागींना, म्हणजे दरोडेखोरांना, एकदा भेटा म्हणून. मेजर जनरल यदुनाथसिंह हे निवृत्त लष्करी अधिकारी विनोबांचा निरोप घेऊन चंबळच्या घळींत हिंडले. मे 1960 मध्ये भूदानाची पदयात्रा भिंड-मुरैनाच्या मुलखात शिरली आणि वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली. मानसिंहानंतरच्या टोळीचा म्होरक्या लुक्का त्यांत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. विनोबा या गागोद्यात जन्मलेल्या माणसाच्या हातात कसलाच अधिकार नव्हता. माफी देणं त्याला शक्य नव्हतं, आणि तसं आश्वासनही त्याने दिलं नाही. खटले चालणार, शिक्षा होणार, हे ठरलेलंच होतं. तरी माणसं आली. माझ्या मते ती आली याचं मोठं कारण हेच, की समोरचा माणूस पोलीस नव्हता. ज्याच्याशी वैर आहे त्याच्यापुढे हत्यार टाकलं तर ती हार ठरते. तिसऱ्यापुढे टाकलं तर मान राहतो.

मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांना हे मुळीच पटलं नाही. नागपूरजवळच्या कामठीचा हा माणूस, पुढे सीमा सुरक्षा दलाचा संस्थापक. आपले शिपाई जीव धोक्यात घालून ज्यांच्यामागे धावतात त्यांचा असा गौरव कशाला, हा त्यांचा सवाल. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ज्यांची माणसं बागींनी मारली, त्यांना या सोहळ्यात जागा नव्हती. आजही फारशी नाही.

पुढची पायरी 1972 ची. चंबळचा टोळीप्रमुख माधोसिंह ठेकेदाराचं सोंग घेऊन पाटण्याला जयप्रकाश नारायण ऊर्फ जेपी यांच्या घरी जाऊन धडकला, आणि मग खरं नाव सांगितलं. जेपींनी विनोबांपेक्षा एक पाऊल पुढे टाकलं: सरकारशी आधी बोलणी केली. कुणालाही फाशी होणार नाही, हा शब्द मिळवला. पगारा गावाभोवतीच्या टापूतून पोलीस मागे घेतले गेले, म्हणजे टोळ्यांना निर्धास्तपणे जमता येईल. एप्रिलमध्ये जौराच्या गांधी सेवाश्रमात माधोसिंह आणि मोहरसिंह यांच्या टोळ्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे बंदुका ठेवल्या. त्या वर्षात शरण आलेल्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली. आजच्या सोहळ्याचा साचा इथे तयार झाला: व्यासपीठ, प्रतिमा, जमलेला गाव, छायाचित्रकार.

शिक्षा भोगायला त्यांतल्या अनेकांना मुंगावलीच्या खुल्या कारागृहात ठेवलं. ही कल्पना मराठी मुलखाला परकी नव्हती. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना भिंतीविना ठेवून दाखवलं होतं, आणि शांताराम-माडगूळकरांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यातूनच सुचला.

नक्षलवादापर्यंत येता येता हा साचा सरकारने उचलला आणि मधला तिसरा माणूस गळाला. त्याच्या जागी दरपत्रक आलं. केंद्राच्या योजनेत वरच्या हुद्द्याला 5 लाख, खालच्याला 2.5 लाख, तीन वर्षं दरमहा भत्ता, आणलेल्या हत्याराचे पैसे वेगळे. यात चूक काही नाही. पोट चालायलाच हवं. पण रक्कम सांगून कुणाचा राग जात नाही, हे चंबळच्या मंडळींना माहीत होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या पॉलिट ब्यूरोचा भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे आला. दोनच दिवसांनी छत्तीसगडमधल्या जगदलपूरला 210 जण शरण आले, त्यांच्या हातांत राज्यघटनेच्या प्रती होत्या. तसबिरीची जागा पुस्तकाने घेतली.

दोन फांद्या मात्र मूळ झाडाला नव्हत्या. एक कौतुकाची. नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, लग्न करायचं तर पुरुषाला नसबंदी करून घ्यावी लागते, कारण मूल झालं की माणूस जंगलात टिकत नाही. गडचिरोली पोलिसांनी शरण आलेल्यांच्या नसबंद्या शस्त्रक्रियेने उलटवल्या, आणि काहींच्या घरी पाळणे हलले. कुठल्याही दरपत्रकापेक्षा मला हे मोठं वाटतं.

दुसरी फांदी छत्तीसगडची. तिथल्या डिस्ट्रिक्ट रिझर्व्ह गार्ड या पोलीस दलात शरण आलेल्या माओवाद्यांनाही भरती केलं जातं. जंगलाची वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार, हे कारण. विनोबांनी आणि जेपींनी ज्या हातांतून बंदूक काढून घेतली, त्या हातांत ती परत दिली नव्हती. बस्तरमध्ये मात्र शरण आलेला माणूस वर्दी घालून कालच्याच साथीदारांवर नेम धरतो, आणि ते साथीदारही त्याला खबऱ्या ठरवून मारतात.