प्रोटोजचा डबा आणि ‘शुद्ध’ आहाराचे राजकारण

वनस्पतींपासून बनवलेल्या मांसाचा विषय निघाला की आपले बरेच कार्यकर्ते हसतात. ‘हे पैसेवाल्यांचे चोचले,’ असे म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, या पदार्थाचा इतिहास जरा उघडून पाहा. त्यात आपल्या ओळखीचे बरेच काही सापडते.

अमेरिकेत प्रोटोज नावाचा एक डबा मिळायचा. शेंगदाणे आणि गव्हातला चिवट भाग, म्हणजे ग्लुटेन, यांपासून केलेले ते ‘मांस’ होते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे, त्यातले बरेच लोक मांस खात नाहीत. या घरांमध्ये प्रोटोज पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेले. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या स्वयंपाकघरातून ते बाहेर पडले. त्याआधी १८९६ च्या सुमारास त्यांनी ‘नटोज’ नावाचे शेंगदाण्याचे मांस काढले होते.

केलॉग हे नाव तुम्हाला कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यामुळे माहीत असेल. ती कंपनी डॉक्टरांची नव्हे, त्यांच्या धाकट्या भावाची, विल केलॉगची. १९०६ मध्ये ती निघाली आणि दोघे भाऊ नावावरून कोर्टात भांडले. पुढे १९६० मध्ये प्रोटोज बनवणारा कारखाना ओहायोतल्या वर्थिंग्टन फूड्सने घेतला. १९९९ मध्ये वर्थिंग्टनलाच केलॉग कंपनीने विकत घेतले आणि थोड्याच काळात प्रोटोज बंद झाले. थोरल्या भावाचा पदार्थ धाकट्याच्या कंपनीच्या हातात संपला. २०१४ मध्ये तर केलॉगने वर्थिंग्टन आणि लोमा लिंडा ही दोन्ही जुनी नावे दुसऱ्या कंपनीला विकून टाकली. ज्यांच्या घरी सणावाराला हाच डबा फुटत होता, त्यांना यातले काही कोणी विचारले नाही.

आता डब्यामागचा माणूस पाहू. डॉ. केलॉग आयुष्यभर शुद्ध अन्नाचा प्रचार करत राहिले. त्याच माणसाने वंशशुद्धीचाही प्रचार केला. जानेवारी १९१४ मध्ये बॅटल क्रीकलाच ‘वंशसुधारणा’ परिषद भरली, तिच्यामागे तेच होते. त्यांनी चाळीसच्या आसपास मुले घरात वाढवली, त्यांत गोरी नसलेलीही होती, हे खरे आहे. पण वंश मिसळू नयेत हा त्यांचा आग्रह सुटला नाही. पोटात काय जावे यावर पहारा ठेवणारा माणूस लग्न कोणी कोणाशी करावे यावरही पहारा ठेवतो. हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच पंथाचा आणखी एक प्रसंग १९४३ सालचा आहे. लूसी बायर्ड ही न्यूयॉर्कची कृष्णवर्णीय ॲडव्हेंटिस्ट बाई आजारी होती. तिला वॉशिंग्टनजवळच्या पंथाच्याच रुग्णालयात नेले. तिचा वंश लक्षात येताच उपचार नाकारून तिला कृष्णवर्णीयांच्या फ्रीडमेन्स रुग्णालयात धाडले. तिथे ती वारली. धर्म एक असूनही खाट मिळाली नाही. या संतापातून १९४४ मध्ये कृष्णवर्णीय ॲडव्हेंटिस्टांच्या वेगळ्या प्रादेशिक परिषदा उभ्या राहिल्या.

म्हणून ‘मांस सोडले की माणूस करुणावान होतो’ हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नेमका हाच गैरसमज फोडला. बौद्ध भिक्खूंवर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोमांस आणि पुढे मांसही सोडले, गाय पवित्र ठरवली आणि मेलेल्या गाईचे मांस खाणारे अस्पृश्य ठरले, अशी त्यांची मांडणी आहे. भिक्खूंना तर तीन अंगांनी शुद्ध मांस चालत होते: आपल्यासाठी मारलेले पाहिलेले नाही, ऐकलेले नाही, तशी शंकाही नाही. तिथे ‘शुद्ध’ हा शब्द खाणाऱ्याच्या जन्माला लागत नव्हता.

आणि १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनीच मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले, त्याचे काय? तो निर्णय आपण, आपल्या स्वाभिमानासाठी घेतला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली, तो आपण घेतलेला निर्णय नव्हता. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बाहेरच्या राज्यातून आणलेले मांस बाळगणे गुन्हा नाही, एवढी मोकळीक दिली, बंदी कायम ठेवली. प्रोटोज बाजाराने काढून घेतले, बैलाचे स्वस्त मांस कायद्याने. दोन्हींत खाणाऱ्याचे मत शून्य. पण प्रोटोज खाणाऱ्याच्या दारात त्यासाठी जमाव आला नाही.

डबा गेल्यावर अमेरिकेतल्या लोकांनी घरीच कृती बसवली. ती कठीण नाही, कारण ग्लुटेनचे मांस कंपन्यांच्या कितीतरी आधीचे आहे. सहाव्या शतकात चीनच्या सम्राट वू याने भिक्खूंना मांस बंद केले आणि पुढे तिथल्या विहारांच्या स्वयंपाकघरांत ही कला रुजली. गव्हाचे पीठ घट्ट मळून तासभर ठेवायचे, मग पाण्यात चोळत धुवायचे. पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. त्यात शेंगदाण्याचे बारीक कूट घालून डब्यात वाफवले की प्रोटोजच्या जवळचे काहीतरी तयार होते.

आपल्याकडे याहून सोपा पर्याय किराणा दुकानात आहे: सोयाबीनची वडी. तेल काढून उरलेल्या सोयाच्या पिठापासून ती होते. लातूरकडचा शेतकरी सोयाबीन पिकवतो, पण त्या पिकातले प्रथिन त्याच्याच घरात कमी शिजते. उकळून, दोन-तीनदा घट्ट पिळून, येसूर घातलेल्या रश्श्यात टाका. पिळायला आळस केला तर कच्चा वास राहतो. ग्लुटेनचा गोळा वापरणार असाल तर मीठ-तिखट जरा चढेच ठेवा, त्याला स्वतःची चव नसते.