दूताची परतीची शिदोरी

दिल्लीच्या उत्तरेकडील रिजवर हिंदूराव नावाचा परिसर आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला. त्यानंतर त्याचे टेकडीवरचे घर हिंदूरावांनी विकत घेतले, आणि ते नाव त्या जागेला कायमचे चिकटले. आज तेथे मोठे रुग्णालय आहे; पण त्यात जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी हे नाव एका मराठी सरदाराचे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

राजधानीतील मराठी माणसाची अशीच एक अपरिचित खूण हुमायून रस्त्यावर आहे. तेथे १९५६ मध्ये बांधलेले ज्यूंचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव जुडाह हयाम हॉल. प्रार्थना हिब्रू भाषेत चालते. परंतु ज्यांनी हे मंदिर जतन केले त्यांच्यापैकी अनेकांची घरची भाषा मराठी. एझकिएल आयझॅक मळेकर यांनी कित्येक वर्षे मानद सेवक म्हणून येथील व्यवस्था सांभाळली. ज्यू धर्माच्या रूढ नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. दिल्लीतील कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा स्त्रियांचीही गणना करून ती संख्या पुरी करण्याचा मार्ग येथे स्वीकारण्यात आला.

श्रोतेहो, इतके लहान समाज टिकतात तरी कसे? एक उत्तर उघड आहे. त्यांच्यातील निष्ठावंत माणसे ते टिकवितात. दुसरे उत्तर ज्यूंच्या इतिहासात वारंवार भेटते, आणि ते म्हणजे दूत. हिब्रूमध्ये त्याला 'शालिआख' म्हणतात; शालिआख म्हणजे पाठविलेला माणूस. जगभर विखुरलेल्या लहानलहान वस्त्यांकडे असे दूत शतकानुशतके जात आले. कोणी जेरुसलेमसाठी देणग्या गोळा करी, कोणी धर्मशास्त्र शिकवी, तर अलीकडच्या काळात कोणी इस्रायलला येण्याचे आमंत्रण घेऊन येई. या दूतांचा आपल्या कोकणाशी जो संबंध आला, त्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यांतून सात जोडपी वाचली. पुढे ही मंडळी कुलाब्याच्या गावोगावी पसरली. तेल गाळण्याचा धंदा करू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून त्यांनी आडनावे घेतली : दिवेकर, पेणकर, राजपूरकर, किहीमकर. हिब्रू भाषा विसरली गेली, धर्मग्रंथ उरले नाहीत. राहिले ते शनिवारचे व्रत, सुंता, आहाराचे काही निर्बंध आणि 'शेमा' ही एक प्रार्थना.

अशा स्थितीत डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू येथे आला, असे परंपरा सांगते. त्याने या लोकांना ओळखण्यासाठी एक साधी कसोटी घेतली. घरच्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे वेगळे काढले. ज्यू धर्मशास्त्राला तेच मासे ग्राह्य आहेत. राहाबी नेमका कोणत्या शतकात आला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही; कित्येक जण त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. पण या कथेतील मर्म कालनिर्णयापेक्षा वेगळे आहे. ग्रंथ गेले तरी धर्म स्वयंपाकघरात शिल्लक होता, आणि शिकविण्यास आलेल्या माणसाने आधी ते पाहून घेतले.

पुढे मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. बेने इस्रायल लोक त्याला साध्या मराठीत 'मशीद'च म्हणत. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. १८६० च्या सुमारास जेरुसलेमचा याकोब साफीर देणग्यांसाठी फिरत असता मुंबईस येऊन गेला. मौज अशी की, हिब्रूच्या पुनरुज्जीवनास ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही हातभार लागला. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. विल्सनसाहेबांचा हेतू धर्मांतराचा. पण शिष्यांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. त्यानंतरच्या पिढीने हे काम स्वतःच्या हाती घेतले. जोसेफ एझकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८७४ मध्ये पुण्यास वल्हांडण सणाची पोथी हिब्रू-मराठीत सचित्र छापली गेली. बायबलातील आख्याने कीर्तनाच्या रूपात रंगू लागली. बाहेरून आलेली विद्या मराठीत मुरली तेव्हाच ती समाजाची झाली.

या पिढीतील अग्रणी म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकर. मुंबईतील इस्रायली शाळेचे ते एक संस्थापक. आपल्या समाजाचा इतिहास, चालीरीती, लष्करात नाव मिळविलेले पुरुष, या सर्वांची नोंद त्यांनी इंग्रजीत एका विस्तृत ग्रंथात केली. तो १८९७ मध्ये लिहून पुरा झाला. याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायल समाजास आले होते. पण स्वदेशी परत नेण्याचे कार्य ईश्वराच्याच हाताने व्हावयाचे आहे, या श्रद्धेने समाजाने ते नम्रपणे नाकारले. किहीमकरांचा ग्रंथ मात्र छापला गेला नाही. तो चाळीस वर्षे हस्तलिखितातच राहिला.

१९३६ मध्ये ज्यू एजन्सीने एक दूत हिंदुस्थानात पाठविला. त्यांचे नाव इमॅन्युएल ओल्सवांगर. मूळचे पोलंडचे, लोककथांचे संग्राहक, संस्कृतचे जाणकार. त्यांची कामगिरी राजकीय होती. पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर राष्ट्रीय चळवळीच्या नेत्यांची सहानुभूती मिळवावयाची, हा तिचा हेतू. गांधीजींना ते भेटले, नेहरूंना भेटले. पण काँग्रेसची भूमिका अरबांच्या बाजूची होती, ती तशीच राहिली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आपले मत जाहीरपणे मांडले, तेही या दूताला हवे होते तसे नव्हते. कचेरीच्या हिशेबाने पाहिले तर ही मोहीम फसली असाच शेरा मारावा लागेल.

परंतु पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे किहीमकरांचा इतिहास छापून प्रसिद्ध झाला, आणि त्याचे संपादक होते ओल्सवांगर. पुढे १९५६ मध्ये त्यांनी केलेले भगवद्गीतेचे हिब्रू भाषांतर बाहेर पडले. जो निरोप घेऊन ते आले तो कोणी स्वीकारला नाही; पण जाताना त्यांनी येथून जे नेले, ते टिकले. दूताचे मोल तो काय घेऊन येतो यावरून ठरवितात. त्याने परत काय नेले याकडेही पाहावयास हवे, असे मला वाटते.

कारण त्यानंतरच्या काळात नेमके हेच राहून गेले. १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाले. १९५० मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. मुंबईत स्थलांतराची कचेरी उघडली आणि हजारो मराठी ज्यू कुटुंबे निघाली. त्यांना बोलावणारे होते. पण ही माणसे कोण, त्यांचा आचार काय, हे तिकडे समजावून सांगण्यास कोणी पुरेसे झटले नाही. काम, घर आणि रंगावरून होणारा दुजाभाव यांविषयी तक्रार करीत काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये सत्याग्रह केला, आणि शंभराहून अधिक माणसे भारतात परत आली. पुढे त्यांतील बहुतेक पुन्हा तिकडे गेली. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल वधूवरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या वंशजांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्यास सांगण्यात आले! त्या समाजाचा सविस्तर इतिहास तेल अवीवमध्येच छापून पंचवीस वर्षे झाली होती. अखेर १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, असा ठराव केला.

आज भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत आली आहे. इस्रायलमध्ये बेने इस्रायल त्याच्या कित्येक पट आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. पूर्वी दूत तिकडून कोकणात येत. आता कोकणातून गेलेली माणसेच तिकडे मराठीचे दूतपण करीत आहेत. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालविले, आणि त्यासाठी त्यांना कोणी पाठविले नव्हते.