‘कमिशन’ शब्दाची कुळकथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात सीमाप्रश्नाचा विषय निघाला. मी महाजन कमिशनचे नाव घेतले मात्र, मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, त्यांनी किती टक्के घेतलं?” वर्ग हसला, मीही हसलो. मुलाचे वडील निपाणीला एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्याच्या घरी ‘महाजन’ म्हणजे व्यापारी आणि ‘कमिशन’ म्हणजे शेकड्याचा हिशेब. मग त्याचे चुकले कुठे? घरी येऊन शब्दकोश उघडला.

‘कमिशन’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. त्याला उपसर्ग लागून ‘कोमित्तेरे’ झाले, म्हणजे हवाली करणे, सोपवणे. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत उतरला. ‘मिशन’ आणि ‘कमिटी’ ही त्याच घराण्यातली भावंडे. आरंभी कमिशन म्हणजे राजाने एखाद्यावर काम सोपवल्याचा अधिकार आणि त्याचा लेखी हुकूम. आपल्या जुन्या भाषेत सनद. पुढे असे काम सोपवलेल्या मंडळालाही तेच नाव पडले. सोपवलेल्या कामाचा मोबदला हा अर्थ त्यानंतरचा.

आपल्या भागात हे तिन्ही अर्थ नांदतात. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तिथल्या सुभेदाराला ‘ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर’ म्हणतात, ते पहिल्या अर्थाने. तिथे टक्केवारीचा संबंध नाही. देशाने विश्वासाने दिलेला अधिकार, एवढाच अर्थ.

बाजारातले कमिशन वेगळे. शेतकरी माल अडत्याच्या हवाली करतो. अडत्या तो विकतो, हमाली, तोलाई, अडत वजा करतो आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टी देतो. मालक शेतकरीच, अडत्याकडे माल फक्त सोपवलेला. अडत, दलाली, दस्तुरी असे शब्द आपल्याकडे असतानाही ‘कमिशन’ रुळले, आणि ‘कमिशन खाणे’ या प्रयोगाने त्याची पुरती बदनामी झाली. सोपवलेल्यानेच खाल्ले, ही तक्रार त्या ‘खाणे’ क्रियापदात आहे.

तिसरा अर्थ चौकशी मंडळाचा. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे महात्मा फुले यांनी निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशन आले, त्यात एकही हिंदी सभासद नव्हता. ज्यांचे भवितव्य ठरवायचे त्यांनाच वगळले, म्हणून देशाने त्यावर बहिष्कार घातला.

आपल्या वाट्याला दोन कमिशने आली. १९५३ साली नेमलेल्या फाजल अली कमिशनने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे द्यावा असे सुचवले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसेच झाले. १९६० साली दोन्ही राज्यांच्या चार प्रतिनिधींची कमिटी बसली; तिचे एकमत झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचे एकसदस्य कमिशन नेमले. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागांतील २४७ गावे म्हैसूरला, आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच, असा त्याचा निवाडा होता. म्हैसूर राज्याने तो अंतिम मानला, महाराष्ट्राने फेटाळला. निपाणीही गेली नाही, बेळगावही नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

आता एक गंमत पाहा. मराठीत आपण कमिशनला ‘आयोग’ म्हणतो आणि कमिशनरला ‘आयुक्त’. कन्नडमध्येही हेच शब्द आहेत. दोन्ही संस्कृतातल्या ‘युज्’ धातूचे, जोडणे किंवा नेमणे या अर्थाचे. आपल्या गल्लीत एका घरी मराठी दैनिक येते, शेजारी कन्नड. दोहोंत ‘महाजन आयोग’ हेच दोन शब्द छापलेले असतात. एका घरी ते वाचून समाधान होते, दुसऱ्या घरी जखम उघडी पडते. शब्द एक असला म्हणजे मने एक होतात असे नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही सणाला त्या दोन घरांत फराळाची ताटे जातात-येतात, हेही खरे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उभे केले. म्हणालो, “बाळ, महाजनांनी टक्के घेतले नाहीत. पण तुझा प्रश्न वाया गेलेला नाही. तुझ्या वडिलांच्या दुकानात माल सोपवला की शेतकरी काय मागतो?”

“पट्टी, सर.”

“इथल्या गावांनी आपला प्रश्न १९५६ पासून कितीजणांच्या हवाली केला. त्यांची पट्टी अजून यायची आहे.”

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.