तीस लाख मैलांची लाल गाडी

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की लोक फेरारीच्या गोष्टी सांगतात. मला आठवतो अर्व्ह गॉर्डन, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचा विज्ञानाचा मास्तर. जून १९६६ मध्ये जवळपास वर्षभराचा पगार घालून त्यानं लाल व्होल्वो १८००एस घेतली. टीव्हीवर 'द सेंट' मालिकेत रॉजर मूर याच जातीची गाडी मिरवत होता. गॉर्डन ती रोज शाळेला न्यायचा, जाऊन-येऊन १२५ मैल!

सप्टेंबर २०१३ मध्ये, अलास्कात, गाडीचे ३० लाख मैल भरले. म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. चंद्रावर सहा वेळा जाऊन यावं इतकं.

गुपित ऐकाल तर निराश व्हाल. दर तीन-साडेतीन हजार मैलांना तेल बदलायचं, कंपनीची पुस्तिका वाचायची, गाडीच्या आवाजाकडे कान ठेवायचा. इंजिन पहिल्यांदा खोललं ते ६ लाख ८० हजार मैलांवर.

मोटारींच्या इतिहासात शर्यती आणि डिझायनर पानोपानी भेटतात, तेलानं काळे झालेले हात क्वचितच. संग्राहक तर अशा गाड्या झाकून ठेवतात, कारण मैल कमी तर भाव जास्त. मला हा हिशेब उलटा वाटतो. गॉर्डन २०१८ मध्ये गेला. तोवर गाडीत इंजिन मूळचंच होतं, रेडिओसुद्धा.