एका कासवाची तीन नावे

१/ चितगावच्या बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यात काळी कासवे राहतात. संताने दुष्टात्म्यांना कासवे करून टाकले, अशी आख्यायिका आहे. २००२ साली आययूसीएनने ही जाती निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. तो निर्णय चुकीचा ठरला, तो वर्गीकरणशास्त्रामुळे. #धागा

२/ हे कासव 'ट्रायोनिकिडी' कुळातले. पाठीवर कठीण खवल्यांऐवजी चामडे, नाक नळीसारखे. जोफ्रवा सँत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये 'ट्रायोनिक्स' ही प्रजाती स्थापिली. अर्थ 'त्रिनखी': पायाला बोटे पाच, नख्या तीन.

३/ या कुळाचे आशियातील जीवाश्म दहा कोटी वर्षांहून जुने आहेत. डायनोसॉर लोपले, ही कासवे टिकली. शरीराची ठेवणही फारशी पालटली नाही.

४/ अडचण तेथेच होती. सगळी एकसारखी दिसत असल्याने बहुतेक जाती, जिवंत असोत वा जीवाश्मरूप, 'ट्रायोनिक्स'मध्येच ढकलल्या गेल्या. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी १८७५ मध्ये चितगावच्या कासवाचे वर्णन केले, तेही 'ट्रायोनिक्स निग्रिकान्स' या नावाने.

५/ १९८७ मध्ये पीटर मेलन यांनी कवट्या व सांगाडे ताडून हे गाठोडे सोडले. कुळाची दोन उपकुळे कायम राहिली. एकात मागचे पाय झाकणाऱ्या झडपांची कासवे. ती आज आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात आढळतात. उरलेली दुसऱ्यात. चितगावचे कासव आता 'ॲस्पिडेरेटिस' झाले.

६/ २००७ मध्ये डीएनए बोलला. 'ॲस्पिडेरेटिस'मधील कासवे ब्रह्मदेशातील 'निल्सोनिया'ची निकटची भावंडे निघाली. दोन्ही प्रजाती एक झाल्या आणि जुने नाव 'निल्सोनिया' टिकले. दख्खनच्या नद्यांतील लीथचे कासवही त्यामुळे 'निल्सोनिया लीथिआय' झाले.

७/ त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी सिद्ध केल्या. काळे कासव ही स्वतंत्र जाती आहे. आणि आसाममध्ये ती निसर्गात जिवंत आहे. नदीतल्या कासवांची ओळखच पटलेली नव्हती, म्हणून ती 'नामशेष' ठरली होती.

८/ जाती अजूनही अतिसंकटग्रस्त आहे. आसाममधील हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्याकाठी मिळालेल्या अंड्यांतून पिल्ले वाढवून ती पोबितोरा अभयारण्यात सोडली गेली. ज्याला नाव नाही, त्याचे रक्षण कोण करणार? दर्ग्याने आणि मंदिराने कासवे जगवली. शास्त्राने त्यांना नदीतले आप्त शोधून दिले.