काम मागणारी सेकंडहँड पिकअप घ्यावी का? तिगाव-पांढुर्णा पट्ट्यातल्या घेणाऱ्यांसाठी कागद, चेसिस आणि खर्चाचा हिशोब

आंबिया बहाराची संत्री तोडीला आली की पांढुर्णा, सौंसर, वरूड, काटोल, नरखेड या सगळ्या पट्ट्यात पिकअपला मागणी वाढते. त्याच दिवसांत जुन्या गाड्याही विकायला निघतात. तिगावात एखाद्या अंगणात सहा महिने उभी असलेली गाडी धुऊन-पुसून रस्त्यावर येते आणि एजंट सांगतो, "फक्त रिंगा मागते, बाकी गाडी कडक आहे." भाव ऐकून मोह होतो. चालू गाडीपेक्षा लाख-दीड लाख कमी, आणि मिस्त्री तर ओळखीचाच.

पण काम मागणारी गाडी घेताना काम किती हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न, ते काम पैशानं होण्यासारखं आहे का? इंजिन बांधता येतं, क्लच बदलता येतो, टायर नवे टाकता येतात. वाकलेली चेसिस आणि अडकलेले कागद मात्र मिस्त्रीच्या हातचे नसतात. आणि या भागात तर गाडी दोनपैकी कोणत्या राज्याची, यावरूनच निम्मा सौदा ठरतो.

मिस्त्रीच्या आधी कागद

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण इथल्या जुन्या गाड्यांवर एमपी २८ हा छिंदवाड्याचाच नंबर आहे. शेजारून येणाऱ्या गाड्या बहुतेक एमएच ४० (नागपूर ग्रामीण), एमएच ३१ (नागपूर) किंवा एमएच २७ (अमरावती) नंबरच्या. वीस-तीस किलोमीटरवरून आलेली गाडी 'बाहेरची' वाटत नाही. कायद्यानं ती बाहेरचीच.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. टॅक्स थकलेला असेल, ई-चालान बाकी असेल किंवा गाडी चोरीच्या नोंदीत असेल तर एनओसी अडते. वरून इथला टॅक्स भरावा लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो लगेच हातात पडेल असं धरून हिशोब करू नये. दोन्ही राज्यांची टॅक्सची पद्धत वेगळी आहे, म्हणून आरसीची झेरॉक्स घेऊन आपल्या परिवहन कार्यालयात नेमका आकडा काढून आणावा. तोही टोकन देण्याआधी.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, टॅक्स कुठपर्यंत आहे आणि कर्जाची नोंद आहे का ते दिसतं. आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव असेल तर "हप्ते कधीच फिटले" या शब्दाला किंमत नाही. त्यांची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेली गाडी असेल तर मूळ मालक सही करायला येतच नाही. तिथं फायनान्सवाल्यानं फॉर्म ३६ वर आरसी आधी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे का ते बघावं लागतं.

फिटनेसची तारीख नीट वाचावी. माल वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं फिटनेस मिळतं, त्यानंतर दरवर्षी गाडी तपासणीला न्यावी लागते. फिटनेस संपलेली गाडी म्हणजे आधी काम, मग तपासणी आणि मग कुठं भाडं. वजनही आरसीवरच बघावं. भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर गेलं तर लागतं. एकाच कंपनीच्या दोन पिकअप दिसायला सारख्या, पण एक या रेषेच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे असू शकते. रोज हद्द ओलांडून नागपूरला माल नेणाऱ्याला हा फरक महागात पडतो. लायसनची चिंता मात्र कमी झाली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते.

चेसिस आणि चढ

संत्र्याच्या पट्ट्यातली गाडी कशी वापरली गेली असेल याचा अंदाज क्रेटवरून येतो. १,३०० किलो क्षमतेच्या गाडीत २२ किलोचा भरलेला क्रेट धरला तर ५९ क्रेट बसतात. ९० क्रेट टाकले की १,९८० किलो झाले, म्हणजे दीडपट. हंगामात असं भरलेली गाडी इंजिनच्या आधी चेसिसमध्ये खचते. गाडीखाली शिरून पाट्यांचे हँगर जिथं चेसिसला लागतात तिथं बॅटरीचा उजेड टाकावा. वेल्डिंगचा डाग, वरून मारलेली पट्टी, ताजा काळा रंग दिसला तर भाव न करता परत फिरलेलं बरं. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवावा. गंजलेला किंवा घासलेला नंबर फिटनेसला आणि नंबर बदलायला दोन्हीकडे अडतो.

इंजिन थंड असतानाच बघायचं. आपण पोचायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर का, हे विचारावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि पाणी कमी होतंय, तर हेड किंवा गॅस्केट. काळा धूर कधी नुसता एअर फिल्टर असतो, कधी इंजेक्टर. ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफेसारखा झोत येत असेल तर "फक्त रिंगा"वर काम भागेल असं धरू नये, बोअरपर्यंत जाऊ शकतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत सेन्सर आणि सायलेन्सरकडच्या यंत्रणेचं काम वाढलं आहे. गावातल्या मिस्त्रीकडे स्कॅनर नसेल तर अशी गाडी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लावून बघावी. त्यामुळे इथं अजून बरेच जण जुनी बीएस ४ पसंत करतात, आणि ते काही अडाणीपणाचं नाही.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणतीही चांगलीच चालते. ट्रायल घ्यायची तर निम्मा माल भरून पांढुर्ण्याहून मुलताईच्या बाजूला चढावर घ्यावी. तिगाव-चिचोंडाचा हा घाट रेल्वेलाही दमवतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच गेला. काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर रेडिएटर किंवा हेड. उतरताना मागून घुरघुर आली तर डिफरन्शियल.

उलटा हिशोब

विकणाऱ्याच्या भावात खर्च मिळवत जाण्यापेक्षा चालू गाडीच्या भावातून खर्च वजा करत यावं. समजा त्याच सालाची, कागद पूर्ण असलेली, चालू पिकअप ३,९०,००० ला मिळते. काम मागणाऱ्या गाडीला मिस्त्रीनं इंजिन, क्लच, टायर, पाटे मिळून १,००,००० सांगितले. इंजिन उघडल्यावर आकडा वाढतोच, त्याचे ३०,००० बाजूला. इन्शुरन्स, फिटनेस, नावावर करणं यांचे २५,०००. यात थर्ड पार्टीचाच मोठा वाटा: ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा. एकूण १,५५,०००. म्हणजे एमपी २८ ची गाडी २,३५,००० च्या वर घ्यायची नाही. तीच गाडी एमएच नंबरची असेल आणि टॅक्स-एनओसीचे आणखी २०,००० लागणार असतील तर हद्द २,१५,०००. विकणारा २,६०,००० वर अडला तर चालू गाडीच स्वस्त पडते.

यात उभ्या गाडीचे दिवस धरलेले नाहीत. दसऱ्याला घेतलेली गाडी दिवाळीनंतर वर्कशॉपमधून निघाली तर आंबियाच्या तोडीचे पहिले दिवस गेले, आणि आपला माल दुसऱ्याच्या गाडीत भाड्यानं गेला. ज्याच्याकडे मृग बहार आहे त्याला घाई नाही, त्याची तोड फेब्रुवारीनंतर. त्यानं हंगाम संपल्यावर बाजार बघावा, तेव्हा विकणाराच फोन करतो.

सौदा ठरल्यावर

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद डिकीत ठेवायची सवय दोन्ही राज्यांत आहे. त्यात विकणारा जास्त अडकतो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. वरूडच्या माणसानं तिगावात गाडी विकली आणि नाव बदललं नाही, तर चार वर्षांनी बैतूलजवळ झालेल्या अपघाताची नोटीस वरूडला येते. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं. घेणाऱ्याला मुदत ३० दिवसांची. इन्शुरन्स कंपनीला घेणाऱ्यानं १४ दिवसांत कळवावं. थर्ड पार्टी आपोआप पुढं चालतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं नाही.

पैसे दोन हप्त्यांत द्यावेत, मोठा हप्ता एनओसी हातात आल्यावर, आणि शक्यतो बँकेतून. डिलिव्हरीच्या कागदावर चेसिस नंबर, किलोमीटर, तारीख आणि ताबा दिल्याची वेळही लिहावी. "संध्याकाळी साडेसहा" एवढं लिहिलेलं असलं तरी त्याच दुपारी कापलेलं ई-चालान कोणी भरायचं, यावर भांडण होत नाही.